न फोडलेली पेटी

१

बाबनराव चरडे झोपेतच गेले. त्यांच्या उशाजवळच्या टेबलावर त्यांच्या नव्या पुस्तकाचं हस्तलिखित असायचं, ते टेबल सकाळी रिकामं होतं. पहिल्या गोष्टीसाठी डॉक्टर आले, दुसऱ्या गोष्टीसाठी प्रकाशक आले. डॉक्टर लवकर मोकळे झाले. माणसानं सत्तरी गाठलेली, छाती कधीची धरलेली. त्यात शोधण्यासारखं काही नव्हतं. पुस्तक मात्र काल संध्याकाळपर्यंत धडधाकट होतं.

"बाहेरच्या कपाटात पाहा," प्रकाशक मारोतराव दबक्या आवाजात म्हणत होते. "गादीखाली पाहा. अरे भई, माणूस गेला ते गेलाच, पण पुस्तकाची जाहिरात होऊन बसली आहे!"

धंतोलीतल्या त्या बंगल्याच्या दाराशी ईश्वरदास पौनीकर उभा होता. पुस्तक त्यानं लिहिलं होतं. बाबनरावांची पाचही पुस्तकं त्यानंच लिहिली होती. बाबनराव काटोलचे संत्रा-बागाईतदार. बोलायला बसले की ऐकणारा जेवण विसरे. दैनिकात उपसंपादक असलेल्या ईश्वरदासनं ते बोलणं कागदावर उतरवलं, सदर चाललं, सदराची पुस्तकं झाली. 'उद्याचं उद्या पाहू', 'झोप येईलच', 'हसत उठा'. स्टेशनवरच्या स्टॉलवर भज्यांसारखी खपली. पहिल्या पुस्तकावर बाबनरावांच्या नावाखाली ईश्वरदासचं नाव बारीक टाइपात होतं. तिसऱ्यापासून तेही गेलं. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात, त्यातला कोरडा पाषाण हा ईश्वरदास. साऱ्या विदर्भाला हसायला शिकवणाऱ्या या माणसाची बायको, वच्छला, गेल्या भादव्यात विषमज्वरानं गेली. तिच्या निधनाची चार ओळींची बातमी त्यानं स्वतः लिहिली, प्रूफ तपासलं, आणि घरी जाऊन झोपला. त्या दिवसापासून त्याला काही म्हणजे काही वाटत नव्हतं. जेवणाला चव नव्हती, थंडीला बोच नव्हती. आतासुद्धा बाबनरावांचा पांढरा पडलेला चेहरा बघून त्याच्या मनात एवढंच आलं, की दाढी कालच झाली होती.

दुपारी काटोलहून धाकटे भाऊ रुपराव आले. बाजारात उभी हयात घालवलेला, आखूड बोलणारा माणूस. मागच्या अंगणात पाणी तापवायच्या बंबाजवळ ते थांबले, वाकले, आणि राखेतून अर्धवट जळलेले कागद उचलले. कागदांवर ईश्वरदासचं अक्षर होतं.

"देवकी!" ते ओरडले. "हे तू जाळलं वं?"

देवकी त्यांच्या बहिणीची विधवा मुलगी. सासरच्यांनी हाकललेली, चार वर्षं मोठ्या मामांचं घर आणि दुखणं सांभाळत होती. ती दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. "रद्दी होती मामा. रोजच जाळतो मी. मोठ्या मामाईनंच सांगतलं होतं."

"दादाचा शेवटचा शब्द बंबात जाळला तुनं! तेरवी होईतोवर राह्यजो. मंग आपलं बोचकं घेजो आन वाट धरजो."

कुठली वाट, हे कुणी विचारलं नाही. तिला जायला जागा नाही, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

"मी शोधतो," कुणीतरी म्हणालं. सगळे वळून बघायला लागले, तेव्हा ईश्वरदासच्या लक्षात आलं की आवाज आपलाच होता.

२

तांडापेठेतल्या आपल्या खोलीवर तो परतला, तेव्हा दाराशी संत्र्यांची एक पेटी ठेवलेली होती. आश्चर्य वाटण्यासारखं काही नव्हतं. दर माघात काटोलच्या बागेतून पेट्या धंतोलीला येत आणि तिथून बाबनरावांच्या ओळखीपाळखीत वाटल्या जात. सकाळी, घरात काय झालं हे कळायच्या आत टांगेवाला पेट्या घेऊन निघाला असणार. मेलेल्या माणसाची भेट. ईश्वरदासनं ती पायानं कोपऱ्यात सरकवली आणि विसरला.

दुसऱ्या दिवशी तो देवकीसमोर बसला. ती चुलीपाशी, तो उंबऱ्यावर.

"त्या संध्याकाळी काय झालं, सुरुवातीपासून सांग."

"तुमी होते न भाऊ. तुमी आन मारोतराव. मामा गोधडी घेऊन पडून होते."

होय, तो होता. खाटेच्या एका बाजूला मारोतराव खुर्ची अडवून जाहिरातीचं सांगत होते, दुसऱ्या बाजूला ईश्वरदास. बाबनरावांनी गोधडीखालून त्याचा हात धरला होता. म्हाताऱ्याची बोटं राहून राहून त्याच्या बोटांवर दाबली जात होती. थरथर असेल, थंडी असेल. ईश्वरदासनं हात तसाच ठेवला होता, पाटावर ठेवलेल्या वस्तूसारखा. थोड्या वेळानं बाबनरावांनी हात सोडला, त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं, आणि तोंड भिंतीकडे केलं.

"मी गेल्यावर?"

"मारोतराव बी गेले. मामा मले म्हणे, कैची दे. दिली. मंग म्हणे, भाजीले कोथिंबीर नाई, घेऊन ये. आता तुमीच सांगा, ज्या माणसाले चार दिवस अन्न जाऊन नाई राह्यलं, त्याले कोथिंबीर कायले? पण गेली. वापस आली त मामा पडवीत बसून हातोडी मारून राह्यले होते! पेटीले खिळे ठोकून राह्यले होते. मी लय ओरडली. त हासले. म्हणे, बागाईतदार आहे वं मी, मरेपर्यंत पेट्याच ठोकीन."

तिनं पदर डोळ्यांना लावला. ईश्वरदासला तिचा हेवा वाटला. वाटला म्हणजे, वाटायला हवा होता असं वाटलं.

रुपरावांनी पुरावा म्हणून जपलेले जळके तुकडे त्यानं मागून घेतले आणि उजेडात धरले. मग उलटे करून धरले. आणि प्रथमच त्याचं डोकं, मन नव्हे, डोकं, जरा जागं झालं.

छापखान्याकडे जाणारा मजकूर कागदाच्या एकाच बाजूला लिहायचा, हे वर्तमानपत्रातलं पोरही जाणतं. कंपोझिटर कागद समोर लावतो आणि अक्षरांचे खिळे जुळवतो. पान उलटत बसायला त्याला सवड नसते. मागच्या बाजूला लिहिलेलं छापायचं राहून जातं, आणि शिव्या लिहिणाऱ्याला बसतात. ईश्वरदास पक्कं हस्तलिखित नेहमी एका बाजूलाच लिही. कच्चं मात्र रद्दी कागदावर, दोन्ही बाजूंनी, कागद वाया जाऊ नये म्हणून. बंबातल्या प्रत्येक तुकड्यावर दोन्ही बाजूंनी अक्षर होतं.

देवकीनं खरोखरच रद्दी जाळली होती. हस्तलिखित जळलंच नव्हतं.

मग ते गेलं कुठे?

३

"मी घेतलं असं म्हणायचं आहे का तुम्हाला?" मारोतराव हसले. सीताबर्डीवरच्या त्यांच्या दुकानात बाबनरावांची पुस्तकं छतापर्यंत रचलेली होती. "माझंच पुस्तक मी चोरू? हाताच्या काकणाला आरसा कशाला! उलट नुकसान माझंच."

"तुमच्याकडे असतं तर मला न विचारता छापता आलं असतं."

"तसंही विचारत कुठे होतो?" ते म्हणाले आणि ओशाळले. "रागावू नका पौनीकर. चहा घ्या. संत्रं घ्या. बाबनरावांची पेटी आली होती, त्यातलं आहे. काय गोडी! तुम्हाला मिळाली की नाही?"

"मिळाली."

"संपली असेल."

"फोडली नाही अजून."

मारोतरावांनी भुवया उंचावल्या. त्यांच्या हिशेबी आयुष्यात आलेली पेटी न फोडणारा माणूस बसत नव्हता. मग ते संत्रं सोलता सोलता, न विचारता, बोलू लागले. मनावरचं ओझं उतरवायला माणसाला श्रोता चालतो. तो दगड असला तर आणखी बरं.

"तुमच्यापासून लपवलं, म्हणून मलाही बरं वाटत नाही आहे. जायच्या आठवडाभर आधी बाबनराव इथे आले होते, रिक्षातून, धापा टाकत. म्हणाले, या पुस्तकावर माझं नाव घालू नको. 'दुःख झाल्यावर' हे पुस्तक माझं नाही. यातला एक शब्द मी बोललो नाही. ज्याची बायको गेली, त्याचं आहे. मी म्हटलं, बापूजी, तुमच्या नावावाचून कुत्रं विचारणार नाही. तुम्ही कबूल केलं आहे, कागद झाला आहे, आता मागे फिरता येणार नाही. तर काही न बोलता उठून गेले. मी त्या संध्याकाळी मुद्दाम बसून राहिलो होतो, तुमच्या कानात ते काही घालतील म्हणून."

"काही नाही घातलं."

"हो ना. मी दोघांवर डोळा ठेवून होतो. एक शब्द बोलले नाहीत."

ईश्वरदास खोलीवर परतला. घरमालकीण रुख्माबाई जिन्याशी कमरेवर हात ठेवून उभी होती. "ईश्वरदास, तुह्या खोलीतून सडल्याचा वास येऊन राह्यला गा. काय ठेवलं अंदर?"

"संत्री आहेत."

"मंग खाय! नाई त वाट लोकाईले. कायले सडवून राह्यला?"

तो आत जाऊन खाटेवर पडला. पुस्तक खरंच त्याचं होतं. वच्छला शेवटच्या दुखण्यात काय बोलली, तिच्या हातचं कालवण, मागावर बसलेल्या त्याच्या बापाला ती कशी चिडवायची, सगळं त्यानं त्यात 'माझ्या ओळखीचा एक गृहस्थ' म्हणून लिहून टाकलं होतं. लिहिलं, आणि ते त्याच्यातून निघून गेलं. आता त्याला तिचा आवाजसुद्धा आठवत नव्हता. तो फक्त त्या कागदांवर होता, आणि ते कागद नव्हते.

हे कळूनही काही दुखलं नाही. पण देवकीची तेरवी, म्हणजे देवकीच्या छपराची तेरवी, परवावर आली होती. त्यानं काटोलची बस पकडली.

४

काटोलच्या बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते. रुपराव एका ढिगाशी एका व्यापाऱ्यासमोर उभे होते. दोघांचे उजवे हात एकमेकांत, वरून रुपरावांचं उपरणं. तोंडानं कुणीच बोलत नव्हतं. भोवती पंचवीस माणसं उभी, सगळ्यांचे कान टवकारलेले, आणि ऐकू काहीच नाही. उपरण्याखाली काहीतरी हललं, व्यापाऱ्यानं मान झटकली, पुन्हा हललं, मग रुपराव म्हणाले, "पक्का." ढीग विकला गेला होता.

"देवकीसाठी आला असशीन त वापस जाय," रुपराव त्याला पाहून म्हणाले.

"तुमच्यावर संशय आहे म्हणून आलो. तुम्हाला दादांची पुस्तकं आवडत नव्हती."

"नवतीच आवडत!" ते चिडले नाहीत, उलट खूश झाले. "दादा बाजाराचा राजा होता. त्याच्या बोटांची साऱ्या तालुक्यात दहशत. आन तुमी त्याले हासायचे धडे देणारा बुवा बनवून टाकलं. पण चोरी कायले करू मी? मले वाचता येते कुठं?"

ईश्वरदासची नजर अजून उपरण्यावर होती. "हे काय करता तुम्ही? हाताखाली?"

"कोष्ट्याचा पोरगा तू, तुले काय माहीत! चार लोकाईत भाव बोलला का तिसरा नाक खुपसते. म्हणून बोटानं बोलायचं. आण हात." त्यांनी त्याचा हात उपरण्याखाली ओढला. "एक बोट, एक आणा. दोन बोटं, दोन आणे. भाव असो का भागीदारीतला वाटा, हिशेब तोच. सरकारनं नवे पैसे काढले गा, पण बोटांईले कोण सांगन?" त्यांनी त्याची चार बोटं एकदम दाबली. "हे चार आणे."

 तो दाब ईश्वरदासच्या ओळखीचा होता. गोधडीखालचा. चार बोटं एकदम, मग थांबायचं. पुन्हा चार. थरथर अशी मोजूनमापून होत नाही.

"चार बोटं चार वेळा दाबली, तर?"

"चारदा? सोळा आणे. मंग वाटा नाई, भागीदारी नाई. पूर्ण माल तुहा." रुपरावांचे डोळे बारीक झाले. "कोणं दाबली?"

ईश्वरदासनं उलट विचारलं, "आणि समोरच्यानं काय करायचं असतं?"

"मंजूर असंन त तशीच उलट दाबायची. नसंन त हात काढून घ्यायचा."

"दोन्ही केलं नाही, तर? नुसताच हात ठेवून बसला, तर?"

"असा माणूस पाह्यला नाई मी," रुपराव म्हणाले. मग विचार करून बोलले, "पण तशी बी रीत आहे. ना हो, ना नाई. मंग धन्याचा जीव असंन त्या गिऱ्हाइकावर, त तो पसंतीची पेटी पाठवते घरी. पेटी फोडली, सौदा पक्का. न फोडता वापस आली, सौदा मोडला."

"आणि नुसतीच घरात पडून राहिली?"

"त मंग धनी वाट पाह्यते," रुपराव म्हणाले.

५

तेरवीची पंगत उठली होती. पडवीत देवकीचं बोचकं बांधून तयार होतं. कुणी सांगायच्या आत तिनंच बांधलं होतं. तेवढ्यात टांगा थांबला आणि ईश्वरदास पेटी घेऊन उतरला. वासानं मारोतरावांनी रुमाल नाकाला लावला.

"हे काय आणलं?"

"तुमचं पुस्तक," ईश्वरदास म्हणाला. "की माझं, ते आता ठरेल."

त्यानं पेटी मधोमध ठेवली. आवाज नेहमीसारखाच सपाट होता, बातमी वाचून दाखवावी तसा. "बंबात जळली ती रद्दी होती, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. देवकीनं काही जाळलं नाही. हस्तलिखित संध्याकाळी टेबलावर होतं, सकाळी नव्हतं. मधल्या वेळात घरात बाबनराव एकटेच होते, कारण देवकीला त्यांनी कोथिंबिरीला पाठवलं. अन्न न जाणाऱ्या माणसाला कोथिंबीर नको असते, घर रिकामं हवं असतं. मग त्यांनी खिळे ठोकले. बागेतून पेट्या ठोकूनच येतात, रुपराव?"

"ठोकूनच येतात."

"मग ठोकायला आधी उघडावी लागली. मारोतरावांची पेटी त्यांनी फोडली, त्यात संत्रीच निघाली. बाकी सगळ्यांनी फोडल्या. न फोडलेली ही एकच. झाकणाचे खिळे बघा. निम्मे वाकडे आहेत. हातात जोर नसलेल्या माणसानं ठोकलेले."

"पण लपवायचं कशाला?" मारोतराव म्हणाले. "मला सांगायचं!"

"तुम्हाला सांगितलं होतं त्यांनी. तुम्ही ऐकलं नाही. मग मला सांगायला गेले, तर तुम्ही खुर्ची टाकून बसलात. तिसरा माणूस ऐकत असला की बाजारातला माणूस कसा बोलतो, हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मलाही नव्हतं. चार बोटं, चार वेळा. पुस्तक पूर्ण तुझं, म्हणत होते. मी लाकडासारखा बसून राहिलो."

 देवकी पुढे आली होती. रुपराव तिच्याकडे बघायचं टाळत होते. बाजारात त्यांचा अंदाज कधी चुकत नसे.

"मी फोडतो भाऊ," ती म्हणाली, आणि कोपऱ्यातली कुऱ्हाड घेतली.

"थांब वं!" रुपराव एकदम बोलले. "फोडली का सौदा पक्का होते. धनी गेला, पण त्याचा हात माह्याकडे आला आहे. आधी याचा जबाब पाहिजे." त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं आणि हात पुढे केला. "घेतो का, ईश्वरदास? सोळा आणे. त्यातलं सुख बी तुहं, आन दुःख बी तुहं."

ईश्वरदासनं उपरण्याखाली हात घातला. रुपरावांचा हात खरबरीत आणि गरम होता, अगदी थोरल्या भावाच्या, बाबनरावांच्या हातासारखा. हा गरमपणा त्याला जाणवला, आणि तो घाबरला. गेल्या भादव्यापासून त्यानं असं काही येऊ दिलं नव्हतं. नाही म्हणायला फक्त हात मागे घ्यायचा होता. कागद मारोतरावांकडे जाणार, वर बाबनरावांचं नाव, आत 'माझ्या ओळखीचा एक गृहस्थ', आणि आपण परत मोकळे. किती सोपं होतं.

त्यानं चार बोटं दाबली. पुन्हा चार. पुन्हा. चौथ्या खेपेला त्यानं सगळ्यात जोरानं दाबली.

"पक्का," रुपराव म्हणाले. "फोड वं देवकी. आन मंग ते बोचकं सोडून टाक. चहा ठेव. काटोलची बस सुटली असंन, मी राह्यतो आज."

एवढीच त्यांची माफी होती. देवकीला ती पुरली. तिनं कुऱ्हाडीच्या पात्यानं झाकण उचकटलं. वरचा थर काळा पडून बसला होता. त्याखालच्या तणसात मेणकापडाचं पुडकं होतं, आत कागद कोरडे. पहिल्या पानाचा वरचा भाग कैचीनं सरळ कापलेला होता. तिथे बाबनरावांचं नाव असायचं. खाली 'दुःख झाल्यावर' एवढंच उरलं होतं.

मारोतरावांनी ते बराच वेळ पाहिलं. व्यापारी माणूस, पण अगदीच बिनकाळजाचा नव्हता. "मग नाव कुणाचं घालायचं, पौनीकर?"

"माझं," ईश्वरदास म्हणाला. "आणि तो ओळखीचा गृहस्थ आहे ना, तो काढून टाकायचा. तिथे मी लिहायचं. माझी बायको, वच्छला, असं."

नाव तोंडातून बाहेर पडलं आणि त्याला तिचा आवाज आठवला. मागाच्या खोलीतून ती जेवायला हाक मारायची, तो. मग त्याला बाबनराव आठवले, भिंतीकडे तोंड केलेले, उत्तराची वाट बघत गेलेले. तो त्या भरल्या घरात, पाहुण्यांसमोर, तोंड न झाकता रडायला लागला. वच्छलासाठी की बाबनरावांसाठी, ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. इतके महिने जे दुखायचं राहिलं होतं, ते सगळं एकदम दुखलं.

देवकीनं चहा आणला आणि त्याच्याजवळ ठेवून दिला. रुपराव उपरण्याखाली त्याचा हात धरून तसेच बसून राहिले.